सोमवारचे अपघात

खोक्यांच्या त्या कारखान्यात रविवारी काम बंद असे, आणि अपघात मात्र सोमवारी सकाळीच होत.

मालकांनी यंत्रांची पाती बदलली, तेल बदलले, दिव्यांची जागाही बदलली. फरक पडला नाही. या सोमवारी पुठ्ठा कापणाऱ्या कारागिराचे बोट पात्याखाली सापडले, तेव्हा त्यांनी माणूसच बदलायचे ठरवले.

"निष्काळजीपणा! दुसरं काय? उद्यापासून येऊ नकोस." मग पट्टी बांधणाऱ्या परिचारिकेकडे, म्हणजे आपल्या थोरल्या बहिणीकडे वळून ते म्हणाले, "ताई, देवाच्या आज्ञेप्रमाणे रविवारची सुट्टी देतो मी. आणखी काय पायघड्या घालू?"

ताईने कारागिराचा धड हात उचलून भावासमोर धरला. तळव्यावर ताजे फोड, नखांत सिमेंट.

"पुठ्ठा कापताना सिमेंट कुठून लागलं रे?"

कारागीर खाली बघत म्हणाला, "काल चर्चच्या नव्या सभागृहाच्या विटा वाहिल्या, ताई. अंधार पडेपर्यंत. दर रविवारी सगळेच वाहतो."

"ते श्रमदान आहे!" मालक उसळले. "उपासनेनंतर राजीखुशीने थांबतात सगळे."

"राजीखुशीने? पोटाला देणारा मालक फाटकात उभा असताना कोण घरी जाईल? काम म्हण नाहीतर सेवा म्हण. वाघ म्हटलं तरी खातो, वाघोबा म्हटलं तरी खातो!"

"मीही तिथंच असतो. मला कुठं अपघात होतो?"

"तू विटा मोजतोस, उचलत नाहीस. आणि सोमवारी तुझ्या हाताखाली पातं नसतं, टेबल असतं!"

"अगं, पण देवाच्या घराचं काम आहे."

"देवानं स्वतः जग घडवून सातव्या दिवशी हात थांबवले. तुला त्याच्यापेक्षा घाई आहे? बायबलातल्या त्याच आज्ञेत चाकरालाही विसावा सांगितलाय, गोठ्यातल्या बैलालासुद्धा. बैलाला मिळालं ते याला का नाही? आणि वर ह्यालाच हाकलतोस? लाज वाटू दे!"

मालकांची नजर पट्टीकडे गेली. तिच्यातून रक्त झिरपत होते. पाती, तेल, दिवे: सारे तपासले होते, कारागिराचा हात मात्र त्यांनी एकदाही पाहिला नव्हता.

"बोट बरं होईस्तोवर घरी बस," ते अखेर खालच्या आवाजात म्हणाले. "पगार चालू राहील. जागा तुझीच आहे. माझं चुकलं."

सभागृहाचे काम मजुरी देऊन गवंड्यांकडे गेले, तेही सोमवार ते शनिवार. रविवारी उपासना संपली की माणसे घरी जाऊन झोपू लागली. नंतर कित्येक महिने सोमवारी पट्टीची गरज पडली नाही. यंत्रे तीच होती, माणसेही तीच.

वाचकहो, ज्याची भाकरी आपल्या हाती आहे, त्याचा 'हो' म्हणजे राजीखुशी समजू नका. आणि दुसऱ्याची झोप मोडून केलेल्या सेवेला धर्म म्हणू नका. दोष पात्यात नव्हता, कारागिरातही नव्हता. अपघातांचे कारण एवढेच, की मालक रविवारी यंत्रांना विसावा देत होते आणि माणसांना देत नव्हते.