चौदा नंबरची दोन मिनिटं

"तुम्ही एका जिवंत माणसाला पट्टी लावून खोडलंत. पेन्सिलीने नाही, पेनने. आणि आता तेच हात भिंतीवर आमचा इतिहास लिहायला निघालेत. तोंड आहे का तुम्हाला?"

ओरेस्ट डुचाकने हे जाड मार्करने लिहिलं, खाली पूर्ण सही ठोकली आणि टॉलमन गावच्या रिंकमधल्या, म्हणजे बर्फाच्या मैदानातल्या सूचनाफलकावर, हॉट चॉकलेटच्या दरपत्रकाशेजारी चिकटवलं. नाव कुणाचं घेतलं नाही. टॉलमनमध्ये नुसतं 'तुम्ही' म्हटलं तरी कुणाला म्हटलं ते कुत्र्यालाही कळतं. गावात चर्च तीन, पण देव एकच: थ्रेशर्स, ज्युनियर आइस हॉकीचा संघ. आणि त्या देवाचे पुजारी म्हणजे क्लबची कमिटी.

तासाभरात कागद गायब. त्याने दुसरा लावला. तोही गेला. तिसऱ्याच्या जागी क्लबच्या शिक्क्याचा कागद आला, दोन ओळींचा: अधिकृत नोंदीनुसार नेस्टर डुचाक यांनी थ्रेशर्सकडून एकही सामना खेळलेला नाही. विषय बंद.

या संघाचा इतिहास काय? १९७४ साली शेतकऱ्यांनी सुगी संपवून आपल्या हातांनी रिंकचं छप्पर चढवलं. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताच्या कानाकोपऱ्यातून सोळा ते वीस वयाची पोरं आली, गावातल्या घरांत राहिली, गावाच्या हातचं जेवली आणि दात पाडून परत गेली. १९७९ ला रिंक जळलं, वर्षभरात पुन्हा उभं राहिलं. १९८६ ला अजिंक्यपद मिळालं. त्यानंतर अडतीस वर्षं काही नाही, त्या अजिंक्यपदाच्या गप्पा तेवढ्या. आता पन्नाशी आली म्हणून कमिटीने प्रवेशद्वाराजवळ भिंत उभारली आणि संघाचा नियम वर मोठ्या अक्षरात कोरला: 'एक मॅच म्हणजे कायमचा'. कुणी एक सामना खेळून पळून गेला असला, तरी त्याची पितळी पट्टी भिंतीवर. आठशे तीन नावं. चोर आहेत त्यात, दोन पाद्री आहेत, एक तर घोडे पळवताना पकडलेला. नेस्टर नाही.

नेस्टर म्हणजे ओरेस्टचा धाकटा भाऊ. वय सत्तावन्न. बोलायला लागला की शब्द चिखलातून ट्रॅक्टर निघावा तसा निघतो. उजवा हात कोपरात दुमडलेला. आई गेल्यापासून ओरेस्टकडेच असतो. ओरेस्ट रिंकचा बर्फवाला, दर सप्टेंबरला सिमेंटवर बर्फ धरतो, तेव्हा नेस्टर डाव्या हाताने पाण्याची नळी सांभाळतो. त्याला येणारं तेवढं एकच काम, आणि ते तो फार चोख करतो.

१९८४ च्या फेब्रुवारीत तो सतरा वर्षांचा होता. घरच्यांना सांगण्यात आलं की पोरगा सरावात पडला, डोकं आपटलं, नशीब एकेकाचं. ओरेस्ट तेव्हा बावीसचा, तीनशे किलोमीटरवर पोटॅशच्या खाणीत. तो आला तेव्हा नेस्टर इस्पितळात नुसता छताकडे बघत होता. पुढे जीभ थोडी सुटली तेव्हा तो एकच सांगायला लागला. चाळीस वर्षं तेच.

"पहिला पीरियड. बादली. ओकलो. कोचने बोटं दाखवली. तीन. मी म्हटलं तीन. गेलो परत."

आणि चाळीस वर्षं ओरेस्ट त्याच्या पुढ्यात पेरोगीची, बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांची ताटली ठेवत म्हणायचा, "नाही रे बाबा. मॅच नव्हतीच ती. सराव होता. तू सरावात पडलास. जेव."

"चौदा नंबर," नेस्टर म्हणायचा.

"हो, चौदा. जेव आता."

फलकावरच्या कागदाचं मूळ ऑगस्टमधलं. लोर्ना सवात्स्कीने ओरेस्टला घरी बोलावलं. लोर्ना शाळेची निवृत्त ग्रंथपाल, भिंतीसाठी जुने कागद लावायचं काम तिच्याकडे होतं. जेवणाच्या टेबलावर खोकी पडलेली. राल्फ केंडरडाइनची खोकी: अकरा वर्षं कोच, आता मेलेला, आणि पन्नाशीच्या सोहळ्यात रिंकला ज्याचं नाव द्यायचं तो.

"चष्मा आणलायस का?" लोर्नाने विचारलं.

"बर्फवाल्याला चष्मा नाही लागत."

"आज लागेल." तिने एक पिवळट गेमशीट पुढे सरकवली. प्रत्येक सामन्याची भरतात तशी: डावीकडे खेळाडूंची यादी, उजवीकडे गोल, खाली पेनल्ट्या. तारीख ११ फेब्रुवारी १९८४. सामना बाहेरगावी, बसने तीन तास लांब. यादीत चौदा नंबरवर पट्टी धरून सरळ रेघ मारलेली. रेघेखालून 'एन. डुचाक' अजून वाचता येत होतं. शेजारी अक्षरं: खेळला नाही.

"खोडलंय," ओरेस्ट म्हणाला. "म्हणजे हेच की, नव्हता तो."

"अरे शहाण्या, खाली बघ."

खाली पेनल्टीच्या रकान्यात, वेगळ्याच हस्ताक्षरात: टॉलमन, चौदा नंबर, ट्रिपिंग, दोन मिनिटं. दुसरा पीरियड, अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

ओरेस्टने ते तीनदा वाचलं: समोरच्याला काठीने पाडलं म्हणून चौदा नंबर दोन मिनिटं खेळाबाहेर बसला होता. यादी कोच भरतो. पेनल्टी मात्र टेबलावरचा माणूस लिहितो, जे घडलं ते घडलं त्या सेकंदाला. नाव खोडणाऱ्याने वर पट्टी फिरवली आणि खाली बघायचं विसरला. हॉकीवाल्याची चूक ही. आपल्या संघाच्या पेनल्ट्या कोण कशाला वाचतोय.

"जो खेळलाच नाही," लोर्ना म्हणाली, "तो दोन मिनिटं पेनल्टी बॉक्समध्ये काय लोकर विणत होता का?"

ओरेस्ट हसला नाही. त्याच्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. नेस्टर नेहमी सांगायचा की बादली पहिल्या पीरियडला, सामन्याच्या पहिल्या वीस मिनिटांत. पेनल्टी दुसऱ्या पीरियडची. म्हणजे डोक्याला मार बसून ओकून झाल्यावर, डोळे फिरलेले असताना, तीन बोटं मोजून त्याला पुन्हा बर्फावर ढकललं होतं. पोरगा चाळीस वर्षं खरं बोलत होता. आणि त्याला खोटं पाडणारा माणूस त्याला रोज जेवू घालत होता.

यादीखाली कोच केंडरडाइनची सही होती. त्याखाली कप्तानाची.

तो कप्तान आज कमिटीचा अध्यक्ष आहे. गावाबाहेर कापणीयंत्रांचा धंदा, पण साठीला टेकला तरी सगळे त्याला अजून कॅप्टनच म्हणतात. ओरेस्ट कागद घेऊन सरळ त्याच्या दुकानात गेला. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यादेखतच कागद गल्ल्यावर आपटला.

"ही सही तुझी?"

कॅप्टनने गिऱ्हाइकांना कॉफी घ्यायला पाठवलं. कागद उलटासुलटा करून पाहिला. "कप्तानाला सही करावीच लागते. वाचतो कोण?"

"चौदा नंबरला पेनल्टी कशी?"

"टेबलावरचा म्हातारा प्यालेला असायचा. आकडा चुकला असेल."

"तू बेंचवर त्याच्या शेजारी होतास."

"ओरेस्ट, चाळीस वर्षं झाली. ड्रेसिंगरूममधलं ड्रेसिंगरूममध्ये राहतं. तुलाही माहीत आहे."

"मला काय माहीत? तुम्ही मला 'सराव' सांगितलंत. माझ्या आईला सांगितलंत. ती तुझ्या आईला दर नाताळात मधाचा केक पाठवायची, पोराची चौकशी करता म्हणून! तुझ्या घशाखाली उतरायचा तो?"

कॅप्टन खुर्चीत मागे रेलला. मग आवाजात साय आणून म्हणाला, "हे बघ. सोहळ्याला नेस्टरला पुढच्या रांगेत बसवू. जर्सी देऊ, चौदा नंबरची. फोटो काढू. त्याला मजा वाटेल. पण भिंत लागून गेलीय, आणि रिंकला राल्फचं नाव द्यायचंय. त्या दिवशी घाण नको."

"घाण मी आणली?"

"तू रिंकचा नोकर आहेस, एवढं लक्षात ठेव."

"लक्षात आहे," ओरेस्ट म्हणाला. "बर्फ मीच घालतो."

घरी आल्यावर तो नेस्टरसमोर बसला. म्हणाला, "तीन बोटं होती."

नेस्टरने चमचा ठेवला. "तीन," तो म्हणाला. मग भावाकडे वळला. "भिंतीवर मी?"

"बघतो."

फलकावरचे कागद त्याने त्यानंतर लावले, आणि क्लबने विषय बंद केला. त्या वर्षी बर्फ गोठवणाऱ्या कॉम्प्रेसरचा सुटा भाग उशिरा आला. संघ सरावाला शेजारच्या गावी जात होता आणि सोहळ्याचा सामना शनिवारी. ओरेस्ट सोमवारी पाणी मारायला लागला. कागदाइतके पातळ थर, एकावर एक. मग पांढरा रंग, मग लाल-निळ्या रेघा, मग मधलं वर्तुळ. वर्तुळात कमिटीला केंडरडाइनचं नाव हवं होतं, नमुन्याचा कागद आलेला. बुधवारी दुपारी ओरेस्टने त्या कागदाची घडी करून खिशात घातली, गुडघ्यांवर बसला आणि ब्रश काळ्या रंगात बुडवला. नेस्टर नळी धरून उभा.

"पाणी?"

"थांब. हे वाळू दे. मग मार. हळू."

नेस्टरने खाली पाहिलं. वाचायला त्याला वेळ लागतो. मग त्याच्या तोंडातून एक आकडा आला. "चौदा." त्याने नळी अशी धरली की एक अक्षर फिसकटलं नाही.

शुक्रवारी सकाळी कॅप्टन कमिटीतले दोघे घेऊन बर्फ बघायला आला. मध्यापर्यंत मजेत चालत गेला आणि थिजला. बोटभर बर्फाखाली, हात हात लांब अक्षरांत लिहिलं होतं: ११ फेब्रुवारी १९८४. चौदा नंबर, एन. डुचाक, दोन मिनिटं. आणि त्याखाली एक प्रश्न.

"काढ हे!"

"काढायचं तर सगळा बर्फ फोडावा लागेल," ओरेस्ट बर्फ गुळगुळीत करायच्या गाडीवर बसूनच म्हणाला. "परत घालायला पाच दिवस. उद्या सामना आहे."

"वरून पांढरा मार."

"मार की. ब्रश तिथेच आहे. पहिल्या स्केटखाली सोलून निघेल."

"तू आजपासून कामावर नाहीस!"

"बरं. मग गाडी कोण चालवणार? तू? तुला तर सही कुठे करतो तेही वाचता येत नाही."

दोघांपैकी एकजण खोकला. कॅप्टनने त्याच्याकडे असं पाहिलं की खोकला जागीच मेला.

शनिवारी वर्तुळावर लाल गालिचा अंथरला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, कॅप्टनने सामन्याची मानाची पहिली चकती टाकली. पण गालिच्यावर हॉकी खेळता येत नाही. दोन पोरांनी तो गुंडाळत नेला आणि बर्फाखालची अक्षरं उघडी पडली. पहिल्या रांगेतल्या एका बाईने मोठ्याने वाचलं. मग तिच्या मागच्याने. बाराशे माणसं बसली होती. वरच्या रांगांतले लोक उठून उभे राहिले. १९८४ च्या संघातले सात म्हातारे पाहुणे म्हणून आले होते, थ्रेशर्सच्या जर्सी घालून. त्यांच्यातला गोलकीपर, जाडजूड टकला माणूस, तो तेवढा खाली बसला आणि तोंड हातांत घेतलं.

पंचाने शिटी तोंडात धरली होती, पण वाजवली नाही. खेळाडू अक्षरांच्या कडेला उभे राहिले, त्या अक्षरांवर एकही स्केट टेकली नाही. त्यांतली बरीच सतराच वर्षांची पोरं होती.

ओरेस्ट गाडीच्या फाटकातून बर्फावर आला. नेस्टरचा डावा हात त्याच्या हातात. कॅप्टन अजून मध्येच उभा होता, बाहेर जायला वाट होती तरी.

नेस्टरने डावा हात सोडवून घेतला आणि तीन बोटं वर केली. "किती?" त्याने विचारलं.

कॅप्टनने बोटांकडे पाहिलं नाही.

"माझ्याकडे नको बघूस, त्याच्याकडे बघ," ओरेस्ट म्हणाला. माइक नव्हता, पण त्या छपराखाली त्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. "तू कप्तान होतास. बादली तू पाहिलीस, बोटं तू पाहिलीस, खाली सही तू केलीस. आज सगळं गाव बसलंय, कुणाला कुठे जायचं नाही. पायाखाली लिहिलंय तेच विचारतोय: पट्टी कुणी धरली आणि पेन कुणी? बोल."