औषध जागं करणारा लाल दिवा

मी एक जुना लाल दिवा आहे. नाशिकच्या एका रुग्णालयातल्या कपाटात, मोडक्या स्टुलामागे पडून असतो. मित्रांनो, मला साधासुधा दिवा समजू नका. मी खोली उजळायला नव्हतो, कर्करोगाचं औषध जागं करायला होतो.

२००३ साली अंबडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. डॉक्टर वेदिका यांनी मला हौसेनं बनवून घेतलं. त्यांचं औषध म्हणजे डोळ्यांना न दिसणारे बारीक कण. ते गाठीत टोचायचे आणि वरून माझा प्रकाश टाकायचा, की गाठ जळणार आणि आसपासचं मांस शाबूत राहणार. उंदरांवर ते जमलंही होतं. मी तर फुशारून गेलो होतो! पण उजेड लागला की ते कण एकदाच काम करून कायमचे विझत. म्हणून बाटली काळ्या कागदात गुंडाळलेली असे.

घोटीजवळच्या पाड्यावरची भागीबाई आमची पहिली रुग्ण. वर्षानुवर्षं मिसरी लावून तिच्या गालात गाठ झाली होती. शस्त्रक्रियेची वेळ टळून गेली होती. आता आशा होती ती आमचीच.

उपचार दसऱ्यानंतर ठरला. खंडेनवमीला प्रयोगशाळेत यंत्रांची पूजा झाली. मलाही झेंडूची माळ मिळाली. भागीबाईचा नवरा मंगळू हात जोडून म्हणाला, "औषधाला बी हळद-कुंकू लावा ना, सायेब. वरच्या कागदाला लावून काय व्हनार?"

सहायक शेखरचं मन विरघळलं. पूजेपुरतंच तर, म्हणून त्यानं कागद सोडला आणि बाटली खिडकीशी मांडली. प्रसादाच्या गडबडीत ती दुपारभर उन्हातच राहिली. संध्याकाळी त्यानं ती न पाहताच पुन्हा कागदात गुंडाळून ठेवली. मला सगळं दिसत होतं, पण दिवा ओरडणार कसा?

उपचार झाला. गाठ होती तशीच राहिली. वेदिकाबाईंनी उरलेलं औषध पाहिलं, तर त्याचा हिरवा रंग पार उडालेला. शेखर ढसाढसा रडला. नवं औषध बनायला सहा महिने लागणार होते.

दिवाळीनंतर भागीबाई पुन्हा आली. तोंड धड उघडत नव्हतं. "बाई, आजून येकदा लावा दिवा," ती म्हणाली. "मागल्या येळी जरा बरं वाटलं व्हतं."

वेदिकाबाईंना नाही म्हणवेना. त्यांनी मला लावलं. मी जिवाच्या आकांतानं जळलो. त्या गाठीत जागं होण्यासारखं काहीच नव्हतं.

संक्रांतीआधी ती गेली. मित्रांनो, एखाद्या वस्तूवर माया असेल, तर तिला काय सोसत नाही ते आधी जाणून घ्या, मग हात जोडा. भागीबाईला आता त्याचा काही उपयोग नाही.