समोरचा पडदा

मी कवळ्या बनवते. दिवसभर मेणात दात बसवायचे, लोकांच्या हसण्याचं सामान तयार करायचं आणि स्वतःचं तोंड मात्र एरंडेल प्यायल्यासारखं, असं माझी धाकटी बहीण म्हणते. ती दूर राहते आणि तिथून फोनवर आमची आयुष्यं सुधारते.

"ताई, सुख काय आकाशातून पडत नाही, सवयी लावाव्या लागतात," ती परवा म्हणाली. "उठलीस की सरळ फिरायला जा. फोन घरीच ठेव. रोज कुणाला तरी मनापासून थँक्यू म्हण. आणि डोळे उघडल्याबरोबर बाबांच्या खिडकीकडे बघणं आधी बंद कर. ते वेड आहे."

असेल वेड. आई गेल्यापासून बाबा रस्त्यापलीकडच्या इमारतीत तळमजल्यावर एकटे राहतात. हृदय दुबळं, जिने चढायला बंदी. मी तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. रोज पहाटे मी स्वयंपाकघरात जाऊन दिवा लावते आणि बाबांची खिडकी बघत उभी राहते. थोड्या वेळाने पडदा सरकतो. मग कुठे चहा माझ्या घशाखाली उतरतो. बाबा मला काळजीवाहू सरकार म्हणतात.

तरी म्हटलं, बघू तर खरं सुखी होऊन. अंधारातच कपडे केले, मोह नको म्हणून स्वयंपाकघरात पाऊलही टाकलं नाही आणि मागच्या फाटकाने तळ्याकडे गेले. लोक हात झुलवत चालत होते. माझं चित्त पडद्यात. मन चिंती ते वैरी न चिंती, ही म्हण माझ्याकडे बघूनच कुणीतरी केली असावी. चांगलं उजाडल्यावर मी पुढच्या रस्त्याने परतले.

पडदा बंद होता.

रस्त्यात कशी घुसले ते आठवत नाही. एका गाडीवाल्याने करकचून ब्रेक दाबला, लांबलचक हॉर्न वाजवला. बाबांच्या घराची किल्ली माझ्या गळ्यातच असते. दार उघडलं. "बाबा!" उत्तर नाही. पांघरूण जमिनीवर, फोन उशीवर, न्हाणीघर रिकामं. आणि टेबलावर पाण्याच्या ग्लासात कवळी.

मीच बनवलेली कवळी. ती लावल्याशिवाय बाबा उंबरठा ओलांडत नाहीत. दूध घ्यायलासुद्धा नाही. म्हणजे ते स्वतःच्या पायांनी गेलेले नाहीत, त्यांना कुणीतरी उचलून नेलंय. आणि माझा फोन घरी, सुखासाठी ठेवलेला! धाकटीचा असा राग आला की समोर असती तर काय केलं असतं कोण जाणे.

फोन घ्यायला मी पुन्हा रस्ता ओलांडला, जिना चढू लागले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पायरीवर कुणीतरी बसलं होतं. कठड्याला डोकं टेकलेलं, डोळे मिटलेले, अंगात झोपायचा सदरा. बाबा. त्यांच्या खांद्याला हात लावायचं मला धैर्य होईना.

त्यांनीच डोळे उघडले.

"कार्टे, कुठे मेली होतीस?" दातांविना शब्द फसफसत होते.

मी रडायलाच लागले. गोळी त्यांनी जिभेखाली धरली होती. धाप ओसरल्यावर म्हणाले, "दिवा नव्हता तुझा. फोन केला, उचलत नाहीस."

"दिवा?"

"रोज पडद्याच्या फटीतून बघत बसतो. तुझा दिवा लागला, की मग पडदा सारतो. आज लागलाच नाही."

इतकी वर्षं मला वाटत होतं, राखण मी करते आहे.

"बाबा, मी पडदा बघते रोज. तो सरकेपर्यंत माझ्या जिवात जीव नसतो."

ते हसले. मग एक एक पायरी चढत आम्ही घरात आलो. त्यांना खुर्चीत बसवून मी डॉक्टरांना फोन लावला. ते निघालो म्हणाले. बाबांच्या चेहऱ्यावर जरा रंग आला होता.

"मघाशी हॉर्न वाजला, तो तुझ्यासाठीच ना?"

मी मान डोलावली.

"म्हणजे एखाद्या दिवशी माझा पडदा सरकला नाही, तर तू अशीच पळत येणार."

"मग काय करू?"

"ये. पण रस्ता नीट बघून ओलांड. त्या दिवशी घाई नसेल."

मी त्यांच्या अंगावर शाल टाकली.

"आता जा," ते म्हणाले, "डॉक्टर यायच्या आत माझे दात आण."

खालच्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांच्याजवळ बसवून मी जिना उतरले. रस्त्याच्या कडेला थांबले, दोन्हीकडे बघितलं आणि मगच ओलांडला.