वरच्या तारा

लेकीच्या जन्माची गोष्ट घरात इतक्या वेळा सांगून झाली होती, की काचवाल्याला ती तोंडपाठ होती. तरी त्या दिवशी सकाळी होणाऱ्या विहीणबाईंसमोर बायकोनं ती पुन्हा रंगवून सांगितली.

"निरोप मिळाला तसे हे शाळेच्या खिडकीवरून उतरले ते थेट दवाखान्यात! हातात पक्कड तशीच. नर्सला वाटलं, नळ दुरुस्त करायला आलेत."

सगळे हसले. काचवालाही हसला आणि मधेच थांबला. पक्कड हातात होती, म्हणजे तारा वळायचं काम अर्धवट राहिलं होतं. चोवीस वर्षं तो ही गोष्ट ऐकत होता, पण मागे राहिलेल्या धाकट्या भावानं 'झालं' म्हटल्यावर आपण वर चढून पाहिलंच नाही, हे एकदाही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

रंगीत काचेची मोठी खिडकी अखंड नसते. शिशाच्या पट्ट्यांत काचा गुंफून तावदानं करायची आणि ती एकावर एक बसवायची. प्रत्येक तावदानाला तांब्याच्या तारा झाळून जोडलेल्या असतात. त्या आडव्या लोखंडी गजाभोवती पकडीनं वळल्या, की तावदान वाऱ्याला दाद देत नाही. नाही वळल्या, तर सगळी भिस्त कडेच्या पुट्टीवर, आणि पुट्टी कधी दगा देईल ते तिचं तिलाच ठाऊक. ती खिडकी शाळेच्या जिन्यात होती. तिच्याखालून रोज तीनशे पोरं उड्या मारत जात. आणि बाहेर सकाळपासून वारा सुटला होता.

तो उठून घरामागच्या कारखान्यात गेला. धाकटा भाऊ काच कापत होता.

"अरे, शाळेच्या खिडकीच्या वरच्या तारा मी तशाच सोडून गेलो होतो. नंतर तू वळल्यास ना?"

धाकट्याचा हात काचेवरच थांबला. "वळल्या की," तो म्हणाला. मग हातातली काच खाली ठेवत म्हणाला, "चल, मीही येतो."

काचवाल्यानं पक्कड उचलताना त्याच्याकडे पाहिलं. खात्री असलेला माणूस कशाला येईल?

ते शाळेत पोचले तेव्हा मधली सुट्टी व्हायला दहा मिनिटं होती. मी सांगेपर्यंत घंटा देऊ नका, असं त्यानं मुख्याध्यापिकाबाईंना हात जोडून सांगितलं.

"इतकी वर्षं टिकली, आजच काय झालं?" बाई म्हणाल्या. पण त्याचा चेहरा बघून त्या निमूटपणे शिपायाकडे गेल्या.

धाकट्यानं शिडी धरली, काचवाला चढला. खालच्या तावदानांच्या तारा घट्ट होत्या, त्याच्याच हातच्या. तो सगळ्यात वर पोचला. सहाच्या सहा तारा सरळ होत्या. पुट्टी भुगा होऊन गळून गेली होती आणि ते निळं तावदान पोट सुटल्यासारखं आत झुकलं होतं. वाऱ्याचा झोत आला की आणखी पुढे यायचं.

त्यानं डावा तळवा काचेवर दाबला. उजव्या हातानं पहिल्या तारेला पीळ दिला, तर ती वाळक्या काडीसारखी मोडली. वर्गांतून बाकं सरकल्याचे आवाज येत होते. कुठलंसं दार उघडलं, कुणीतरी दटावलं, ते बंद झालं. दुसरी तार त्यानं लहान मुलाची वेणी घालावी तशी हळू वळली. ती टिकली. तिसरी टिकली. चौथी मोडली. पाचवी आणि सहावी गजाला घट्ट बसल्या. पुढचा झोत आला तेव्हा तावदान नुसतं थरथरलं.

"द्या घंटा!" तो ओरडला आणि खाली येऊन पायरीवर बसला. दोघांच्या अंगावरून पोरं धडधडत खाली गेली. काचवाला एकेकाचं डोकं बघत राहिला.

"खोटं का बोललास?"

"त्या दिवशी चढलो होतो रे, दादा," धाकटा म्हणाला. "पण तारा वळायला शिडीवरचे हात सोडावे लागतात. डोळ्यांपुढे अंधारी आली. उतरलो. तू दवाखान्यातून आलास, झालं का सगळं म्हणून विचारलंस, मी हो म्हटलं."

"आणि चोवीस वर्षं गप्प बसलास?"

"तू किती खूश झालास! एकट्यानं तडीस नेलंस म्हणालास. तेव्हापासून प्रत्येक खिडकीच्या वरच्या तारा वळायचं काम माझ्यावर सोपवलंस. तू खाली सामान आवरायचास आणि मी वर दोन्ही हातांनी शिडी धरून नुसता उभा राहायचो."

काचवाल्याला आपल्या खिडक्या एकामागून एक आठवू लागल्या. वाचनालयातली, खाली लांब बाकावर म्हातारी माणसं पेपर वाचत बसतात ती. दवाखान्यातली, जिच्याखाली बायका तान्ही मुलं घेऊन नंबराची वाट बघतात ती. बाहेर वारा वाढला होता.

"एखाद्या तरी ठिकाणी वळल्यास ना?" त्यानं विचारलं.

धाकट्यानं खाली मान घातली. "कुठंच नाही जमलं, दादा."