धार

तुलाराम सरांनी दांड्याची दोरी सोडवली आणि कुऱ्हाडीचं दगडी पातं खिडकीतल्या उन्हात धरलं. समोर ज्योत्सना पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती.

"बसा ना, ताई."

ती बसली नाही. उद्या तालुक्याला शेवटची सुनावणी होती. टेकडीवरच्या गिट्टीखाणीच्या सुरुंगांनी गावतलावाची पाळ तडकली होती. पाणी झिरपून चाललं होतं, मासोळ्या चिखलात तडफडत होत्या. मासेमारी करणाऱ्या ढिवरांचं गाऱ्हाणं कोणी ऐकत नव्हतं. टेकडीवर पुरातन वस्ती होती असं ठरलं, तरच काम थांबण्याची आशा होती.

सरांनी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला होता, गावोगावचे असे दगड जमवले होते.

"दांडा तिवसाच्या लाकडाचा. नवा आहे."

"तो आमच्या घरच्यायनं बसवला. दगड जुना हाये, सर. टेकडीखालीच सापडला."

"नेमका कुठे?"

"आता तिथं खाण हाये."

सरांनी भिंग घेतलं. पात्याच्या मागच्या टोकाला, काळ्या दगडावर चढलेला तांबूस थर त्यांनी बोटाने चाचपला. त्यांचे डोळे चमकले. मग पातं फिरवून त्यांनी भिंग धारेवर आणलं. तिथे ताजे, सरळ ओरखडे होते.

"यावर ग्राइंडर कोणी चालवला?"

ज्योत्सनाच्या मुठीतला पदर सुटला.

"बोथट होता, सर. सायब लोकं साधा गोटा समजून फेकून देतीन, असं वाटलं घरच्यायले."

"दगड अस्सल आहे. हजारो वर्षांपूर्वीचा असावा. पण त्या माणसांनी घासल्याच्या, वापरल्याच्या खुणा धारेवरच असतात. त्या गेल्या. आता जो पाहील तो बनावटच म्हणेल. मी लिहून दिलं तरी."

"तरी द्या ना लिहून. पाया पडतो तुमच्या."

त्यांनी लिहून दिलं. ती बाहेर पडेपर्यंत मान मात्र वर केली नाही.

गावी परतली तेव्हा लिलाधर पाळीच्या भेगेत चिखल कोंबत होता. बायकोला पाहताच तो ताडकन उठला.

"काय म्हनले सर?"

"जुना हाये म्हनले. हजारो वर्साचा."

कितीतरी दिवसांनी तो हसला. "पाह्य! धार काढली म्हनून ओळखलं त्यायनं. नाही त काय दिसलं असतं?"

त्याच्या शेजारी बसून ज्योत्सनाने चिखलाचा गोळा उचलला आणि भेगेत दाबला.