काचेखाली राहिलेला पापणीचा केस

मित्रांनो, मी पापणीचा एक जुना केस आहे. केसाला ओढलं काय, कापलं काय, दुखत नाही. म्हणून माझी हकीकत तुम्हाला जरा कोरडी वाटेल. राग मानू नका.

माझा जन्म एका आईच्या उजव्या डोळ्यावर झाला. तिची लेक प्रयोगशाळेत सूत्रकृमींचा, म्हणजे दोऱ्यासारख्या अगदी बारीक कृमींचा, अभ्यास करायची. झाडाची साल पोखरणारे तिळाएवढे भुंगेरे असतात ना, त्यांच्या पंखांखाली हे कृमी फुकटात प्रवास करतात. त्यांचं अंग आरपार दिसतं. तोंडातली सुई, घशातली गोल गाठ, शेपटीकडे गेलेलं आतडं, सगळं सूक्ष्मदर्शकातून बघून लेक कागदावर काढायची. पण बशीतून उचलताना लोखंडी सुई लागली की कृमी फाटायचे. म्हणून तिथली माणसं काडीच्या टोकाला पापणीचा केस चिकटवून वापरायची. लेकीच्या पापण्या मात्र वडिलांवर गेलेल्या, आखूड आणि सरळ. त्यांचा काही उपयोग नव्हता.

एकदा लेक डबा विसरली, तो द्यायला आई तिथे आली. लेकीची अडचण ऐकून तिला हसूच आलं. तिने डोळा चोळला आणि मी तिच्या बोटावर आलो.

"घे," आई म्हणाली. "लहानपणी असा केस मुठीवर ठेवून फुंकर मारायचीस आणि काहीबाही मागायचीस. हा उडवू नकोस. कामाला लाव."

मी कामाला लागलो. माझा बाक असा होता की कृमीच्या पोटाखाली अलगद शिरायचा आणि त्याला ओरखडाही न काढता उचलायचा. प्रयोगशाळेचे मोठे सरसुद्धा मला उसना मागायचे. लेक गोड बोलून त्यांना वाटेला लावायची.

मग आई आजारी पडली. औषधांनी तिचे डोक्यावरचे केस गेले, भुवया गेल्या, पापण्याही गेल्या. शेवटी तीही गेली. लेक थोड्याच दिवसांत कामावर आली. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता. डबा उघडायची, खायची, काय खाल्लं ते तिला सांगता आलं नसतं. मी तर केसच. पण तिलाही काही वाटेनासं झालेलं बघून मला कसंसंच व्हायचं.

त्याच सुमारास एका ओंडक्यातल्या भुंगेऱ्यांत तिला अगदी नवे कृमी सापडले. माद्या भरपूर होत्या, नर एकुलता एक. नराच्या शेपटीतले वाकडे काटे नीट पाहिल्याशिवाय नव्या जातीचं वर्णन पुरं होत नाही. ओंडका तर केव्हाच जळणात गेला होता. इकडे माझ्या काडीवरचा डिंकही वाळून सैल झाला होता. सरांनी नवी बारीक तार पुढे केली आणि म्हणाले, हा नर फाटला तर दुसरा मिळायचा नाही. तिने तार बाजूला सारली आणि मलाच उचललं.

मी नराच्या पोटाखाली शिरलो. त्याला उचलून काचपट्टीवरच्या ग्लिसरीनच्या थेंबात नेलं. तो अलगद सुटला आणि त्याच्याबरोबर मीही काडीवरून सुटलो. त्याच्या शेपटीला लागूनच पडलो.

लेकीने भिंगातून आम्हा दोघांना पाहिलं. वरच्या काचेखाली कृमी चिरडू नये म्हणून शेजारी काचेचे बारीक तंतू टेकू म्हणून ठेवतात. तिने दोन तंतू ठेवले. तिसऱ्याच्या जागी मला राहू दिलं. वर काच ठेवली आणि कडा मेणाने बंद केल्या.

सरांनी भिंगातून पाहिलं. "नर छान आलाय. पण केस राहिलाय की. काढायचा होता."

"तो आईचा आहे," ती म्हणाली. "दवाखान्यात रोज विचारायची, माझा तो केस आहे ना गं अजून? आहे म्हटलं की म्हणायची, चला, माझा एक तरी जागेवर आहे."

एवढं बोलली आणि तिला रडू कोसळलं. रडतानाही ती टेबलापासून मागे सरकली, काचेवर थेंब पडू नये म्हणून. सर पाणी आणायला गेले.

आता मी एका कपाटाच्या खणात आहे. पट्टीवर कृमीचं नाव आहे, माझं नाही. मित्रांनो, कधी ही काच तुमच्या हाती आली तर कडेचं मेण तडकलंय का बघा आणि तडकलं असेल तर नवं लावा. नराच्या शेजारी एक काळी, वाकडी रेघ दिसेल. कचरा समजून ती काढायला जाऊ नका. आईचा तेवढाच एक केस अजून जागेवर आहे.