आठ डब्या, एक मांजर

विक्रमशेठकडून आलेल्या आठही डब्यांवर ऐटबाज इंग्रजी नावं होती. प्रिन्सेस, डायना, व्हिस्की. आतल्या विष्ठेत मात्र सगळीकडे तेच, उंदराचे केस आणि बाजरीचा कोंडा. एसीत लोळणाऱ्या पर्शियन मांजरांनी एका दिवसात आठ उंदीर मारले म्हणायचे, सुषमाला हसूच आलं.

दौंडच्या त्या खासगी लॅबमध्ये ती सहा वर्षं जनावरांच्या तपासण्या करत होती. विक्रम तळेगाव ढमढेऱ्याचा बागायतदार. बंगल्याच्या माडीवर मांजरं वाढवून पिल्लं पुण्याला विकायचा. त्यातली दोन पोटात पाणी होऊन मेली, तशी गिऱ्हाइकं रिपोर्ट मागायला लागली. मांजरांचा स्वतःचा एक कोरोना असतो. माणसाला तो लागत नाही. बहुतेक मांजरांना त्याचं फारसं काही वाटतही नाही, पण विष्ठेतून तो पडत राहतो, आणि एखादीच्या अंगात असा उलटतो की ती वाचणं कठीण. कोणाच्या विष्ठेतून पडतोय, एवढंच ही तपासणी सांगते.

आठही डब्या निगेटिव्ह निघाल्या. लॅबचे मालक डॉ. सत्यजीत सही करायला पेन उघडून बसले.

"सर, हे सगळं एकाच गावठी मांजराचं आहे," सुषमा म्हणाली. "मी जाऊन नमुने आणते."

"अगं, मोठा माणूस आहे तो."

"असेल. पण खोटेपणासुद्धा धड जमत नाही त्याला."

ती तळेगावला गेली. माडीवर आठ मांजरांना वाळूचे दोनच ट्रे होते, आणि वासानं डोळे चुरचुरत होते. साफसफाई करणाऱ्या बयाबाईनं दारातच सांगून टाकलं, "बाय, त्या डब्या माझ्या घरच्या भुरी मांजरीच्या व्हत्या. मालकानंच भरून आणाय लावल्या."

विक्रम खुर्चीतून उठलाही नाही. "तू कोळप्यांची ना? तुझं बापजादं मेंढरामागं फिरलं, आन् तू मांजराची घाण चिवडतीस."

"व्हय. माझ्या आज्याला नुसती लेंडी बघून आजारी मेंढरू वळखाय यायचं. तुमच्या नाकाला ह्यो वाससुद्धा येत न्हाई."

एकेक मांजर वेगळं कोंडून, दिवसभर बसून तिनं आठ नमुने घेतले. सहा पॉझिटिव्ह आले.

विक्रम लॅबमध्ये येऊन रिपोर्ट बदलायला सांगू लागला. सुषमानं त्याला समजावलं, की ही मांजरं मरायला टेकलेली नाहीत. वेगवेगळी ठेवा, ट्रे वाढवा, दर महिन्याला तपासा, पुष्कळांचा विषाणू पडायचा थांबतो.

"मी काय मांजरांचा आश्रम काढलाय?" म्हणून तो निघून गेला.

दुसऱ्या दिवशी बयाबाईचा फोन आला. सहा मांजरं पोत्यात घालून उसात फेकून ये, असा मालकाचा हुकूम झाला होता. तिनं ती घरी नेली होती.

"आधी भुरीला भैणीकडं पाठवा मावशी, न्हाईतर तिलाबी लागंल," सुषमा घाईनं म्हणाली. विक्रमनं त्या जिवांसाठी केलं नव्हतं ते बयाबाईनं केलं. एक न्हाणीत, एक खुराड्यात, एक माळ्यावर, जागा मिळेल तिथं मांजरं वेगळी ठेवली. प्रत्येकीला फुटक्या टोपल्यात वेगळी वाळू. दर महिन्याला ती न्हावऱ्याला एसटी बदलून डब्या घेऊन यायची, आणि कुठली कुणाची ते तिला न लिहिताही पाठ असायचं.

एक मांजर पोट फुगून गेलं. त्या दिवशी बयाबाई लॅबच्या बाकावर बसून रडली. उरलेल्या पाचांपैकी चारांचे रिपोर्ट मात्र सलग तीन महिने निगेटिव्ह आले.

ही बातमी विक्रमपर्यंत पोचली. तो नेमका बयाबाई लॅबमध्ये बसलेली असतानाच आला. "माझी मांजरं हायेत. रिपोर्ट माझ्या नावावर करा."

"तुमची तुम्ही उसात फेकली," सुषमा म्हणाली. "ही मावशींची हायेत. आन् परत कुणाच्या डब्या भरून आणल्या, तर दारातनंच माघारी लावीन."

त्यानं डॉ. सत्यजीतांकडे पाहिलं. डॉक्टरांनी या वेळी कागद नीट वाचला आणि बयाबाईच्या नावाच्या रिपोर्टवर सही केली. पायरीवर पचकन थुंकून विक्रम गाडीत बसला. सुषमानं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"पाचवीचा रिपोट काय म्हनतोय?" बयाबाईनं विचारलं.

"विषाणू अजून पडतोय."

"पडू दे. खुराडं तिचंच हाय," म्हणत बयाबाईनं पिशवी उचलली.